संचयखंडांचे विभाजन

संगणकात माहिती कायम साठविणाऱ्या साधनाच्या ज्या भागास संगणक एक स्वतंत्र एकक मानतो, त्यास संचयखंड किंवा व्हॉल्यूम म्हणतात. प्रारंभी एक तबकडी-संच म्हणजेच एक संचयखंड असे. पुढे एका तबकडीचे अनेक खंड करणे, तसेच अनेक तबकड्या मिळून एक खंड बनविणे शक्य झाले. अशा वेळी खंड ही प्रत्यक्ष वस्तू राहत नाही. ती एक आभासी रचना होते व तिचा आकार माणसास ठरवावा लागतो. मोठ्या संचयाचे खंड किती करावेत, प्रत्येक केवढा असावा आणि त्यांत कोणती माहिती कोठे ठेवावी, या प्रश्नांच्या उत्तरांवर संगणकाचा वेग मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. माहितीची सुरक्षितता आणि बिघाडानंतर ती परत उभी करण्यास लागणारा काळ यांचाही या निवडीशी निकटचा संबंध आहे. [→ संगणक].

चुंबकीय तबकडीचा उदय : फिरत्या चुंबकीय तबकडीवर आधारलेले पहिले व्यापारी संचय-साधन इंटरनॅशनल बिझिनेस मशीन्स (आय्. बी. एम्.) या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकाबरोबर आणले. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ते विकसित झाले. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून एकूण ५० लक्ष अक्षरे साठविता येत. वाचन-लेखन शीर्ष वाहून नेणारी भुजा आधी वरखाली सरकून योग्य तबकडी गाठी व नंतर आत शिरून योग्य मार्गिकेवर स्थिरावे. यास सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. माहितीचे प्रत्यक्ष वाचन अल्पावधीत उरके; खरा काळ जाई तो भुजेच्या हालचालीत. विभाजनाच्या पुढील सर्व विचाराचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

१९६१ मध्ये घोषित झालेल्या आय्. बी. एम्. १३०१ या साधनात प्रत्येक पृष्ठभागास स्वतंत्र शीर्ष देण्यात आले. ही सर्व शीर्षे कंगव्याच्या दातांप्रमाणे एकत्र सरकत. भुजा एका जागी स्थिर असता सर्व पृष्ठभागांवरील ज्या मार्गिका हालचालीविना वाचता येतात, त्यांच्या समुदायास सिलिंडर ही संज्ञा रूढ झाली. एकत्र लागणारी माहिती एकाच किंवा लगतच्या सिलिंडरांत ठेवावी, हा विभाजनशास्त्राचा पहिला नियम त्यातून निघाला. १९६२ मध्ये काढघाल करता येणारे तबकडी-संच आले आणि संचयखंड म्हणजे हातात उचलून नेता येणारी वस्तू, ही कल्पना काही वर्षे दृढ झाली.

भुजेचा प्रश्न : १९७० मध्ये आलेल्या आय्. बी. एम्. ३३३० या साधनाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. त्याच्या एका संचात १०० मेगॅबाइट माहिती मावे. भुजा सरकण्यास सरासरी ३० मिलिसेकंद लागत आणि तबकडी दर मिनिटास ३,६०० फेरे घेत असल्याने हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास आणखी सु. ८ मिलिसेकंद जात. दर सेकंदास ८०६ किलोबाइट या गतीने ४ किलोबाइट माहिती वाचण्यास मात्र केवळ ५ मिलिसेकंद पुरत. म्हणजे एकूण ४३ मिलिसेकंदांपैकी ३८ मिलिसेकंद नुसते जागेवर पोहोचण्यात खर्ची पडत.

हा काळ वाचविण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग मागण्यांचा क्रम बदलण्याचा. आलेल्या क्रमाने मागण्या पुरविण्याऐवजी सर्वांत जवळची आधी पुरविणे, किंवा उद्वाहकाप्रमाणे एका दिशेने जात वाटेतील सर्व मागण्या पुरविणे, या पद्धतींचे विश्लेषण पीटर डेनिंग यांनी १९६७ मध्ये केले. दुसरा मार्ग माहितीच्या मांडणीचा. सर्वाधिक वापराची माहिती मधल्या सिलिंडरांत व कमी वापराची दोन्ही कडांकडे ठेवल्यास भुजेची सरासरी हालचाल कमी होते. वापराचा आलेख मध्ये उंच व दोहों बाजूंस उतरता दिसत असल्याने या मांडणीस ऑर्गन वाद्याच्या नळ्यांवरून नाव मिळाले.

आभासी तबकडी : तबकडीचे आभासी विभाजन प्रथम पद्धतशीर रीत्या झाले ते आय्. बी. एम्.च्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील वैज्ञानिक केंद्रात. रॉबर्ट क्रीसी यांच्या नेतृत्वाखाली तेथे सीपी-४० व त्यानंतर सीपी-६७ या नियंत्रण प्रणाली तयार झाल्या. या प्रणालींत एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालत आणि प्रत्येक वापरकर्त्यास आपणास संपूर्ण संगणक मिळाला आहे असे भासे. प्रत्येकास स्वतंत्र तबकडी देणे परवडणारे नव्हते. म्हणून एका खऱ्या तबकडीवरील सलग सिलिंडरांचा एक तुकडा म्हणजे एक छोटी आभासी तबकडी, अशी योजना करण्यात आली. तिलाच मिनीडिस्क म्हणत. वापरकर्त्याचा कार्यक्रम सिलिंडर शून्यापासून मोजणी करी व नियंत्रण प्रणाली तीत तुकड्याच्या आरंभाचा अंक मिळवून खरी जागा काढी. १९७२ मध्ये घोषित झालेल्या व्हीएम/३७० या प्रणालीमुळे ही पद्धत सर्वत्र पसरली.

आभासी विभाजनाची मर्यादाही येथेच प्रथम स्पष्ट झाली. दोन वापरकर्त्यांच्या तबकड्या कागदोपत्री भिन्न असल्या, तरी त्या एकाच भुजेखाली असत. दोघेही एकाच वेळी कामास लागले की, भुजा एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे हेलपाटे घालू लागे आणि दोघांचेही काम मंदावे. म्हणून अधिक वापराचे तुकडे निरनिराळ्या तबकड्यांवर वाटावेत आणि एकाच तबकडीवर ठेवणे भाग असल्यास परस्परांच्या लगत ठेवावेत, असा दंडक पडला. खंडांची संख्या वाढविल्याने भुजांची संख्या वाढत नाही, हा धडा पुढे पुनःपुन्हा गिरवावा लागला.

मोठ्या तबकड्यांचे संकट : तबकडीची धारणक्षमता वेगाने वाढली, भुजेची गती मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. १९८० मध्ये घोषित झालेल्या आय्. बी. एम्. ३३८० मध्ये एका भुजेच्या वाट्यास ६३० मेगॅबाइट माहिती होती. १९८७ मधील त्याच मालिकेच्या प्रकारात ती १,८९० मेगॅबाइट झाली. पण भुजेचा सरासरी काळ जवळपास तेवढाच, म्हणजे सु. १६ मिलिसेकंद, राहिला. परिणामी तिप्पट माहितीच्या मागण्या एकाच भुजेस पुरवाव्या लागू लागल्या. पुष्कळ संगणक केंद्रांनी महाग तबकडीचा काही भाग हेतुतः रिकामा ठेवून यातून वाट काढली. जागा विकत घ्यावयाची, पण ती वापरावयाची नाही, असा हा व्यवहार होता. वैयक्तिक संगणकांच्या काळात तबकडीच्या केवळ बाहेरच्या पट्ट्यात माहिती ठेवण्याची रीत याच विचारातून आली. बाहेरच्या मार्गिका लांब असल्याने आधुनिक तबकड्यांत त्यांवर अधिक माहिती मावते व ती एका फेऱ्यात अधिक वेगाने वाचता येते. शिवाय भुजेची ये-जाही कमी होते.

विमान-आरक्षणासारख्या तातडीच्या कामांत याच्या उलट मार्ग अवलंबिला गेला. या क्षेत्रासाठी बनविलेल्या नियंत्रण प्रणालीत एका प्रकारच्या नोंदी एका तबकडीवर न ठेवता सर्व तबकड्यांवर समप्रमाणात पसरल्या जात. त्यामुळे कोणत्याही क्षणी सर्व भुजांवर सारखा भार पडे व कोणतीही एक तबकडी अडथळा होत नसे.

युनिक्स आणि वैयक्तिक संगणक : बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत मोठ्या तबकडीचे ठराविक सीमांचे विभाग करण्यात येत. मूळ प्रणाली, स्मृतीची अदलाबदल आणि वापरकर्त्यांच्या फाइली यांना वेगवेगळे विभाग असत. यात वेगापेक्षा संरक्षणाचा हेतू प्रबळ होता; एक विभाग भरून गेला वा बिघडला, तरी उरलेले शाबूत राहत.

विभागाच्या अंतर्गत मांडणीचे महत्त्व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधनाने दाखवून दिले. मार्शल मक्‌यूसिक, विल्यम जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार जुन्या फाइल-व्यवस्थेत तबकडीच्या गतीचा केवळ २ ते ४ टक्के भाग उपयोगात येत असे. नवी फाइल-व्यवस्था प्रथम वेगाने चाले, परंतु काही आठवड्यांच्या वापराने मोकळ्या जागेचे तुकडे विखुरले जाऊन वेग सेकंदास १७५ किलोबाइटांवरून ३० किलोबाइटांवर घसरे. यावर त्यांनी एका विभागातच सिलिंडरांचे गट पाडले, एका निर्देशिकेतील फाइली शक्यतो एकाच गटात ठेवल्या, माहितीच्या एककाचा आकार वाढविला आणि सु. १० टक्के जागा राखीव ठेवली. तबकडीच्या गतीचा ४७ टक्क्यांपर्यंत उपयोग त्यामुळे शक्य झाला. वापरकर्त्याने हाताने पाडावयाच्या विभागांचे पुष्कळसे काम अशा रीतीने प्रणालीनेच अंगावर घेतले.

वैयक्तिक संगणकात विभाजन आले ते १९८३ मध्ये. त्या वर्षी आलेल्या १० मेगॅबाइट तबकडीच्या आय्. बी. एम्. एक्सटी संगणकात तबकडीच्या पहिल्या सेक्टरात चार नोंदींचा विभाग-तक्ता ठेवण्यात आला. एका विभागाची कमाल मर्यादा प्रारंभी ३२ मेगॅबाइट होती. ती मर्यादा उठल्यावर दुसरी अडचण उद्भवली. सोळा अंकी फाइल-तक्त्यात सु. ६५,००० क्लस्टरच मोजता येत असल्याने विभाग जितका मोठा, तितका क्लस्टर मोठा करावा लागे. २ गिगॅबाइट विभागात एक क्लस्टर ३२ किलोबाइटांचा होई व एका किलोबाइटाच्या फाइलीसही तो संपूर्ण द्यावा लागे. प्रत्येक फाइलीमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो असे धरल्यास २०,००० फाइलींमागे सु. ३१२ मेगॅबाइट जागा फुकट जाई. त्याच तबकडीचे सु. ५०० मेगॅबाइटांचे चार विभाग केल्यास क्लस्टर ८ किलोबाइटांचा होऊन हा अपव्यय सु. ७८ मेगॅबाइटांवर येई. १९९६ मध्ये बत्तीस अंकी तक्ता आल्यावर या विभाजनाचे कारण उरले नाही. तथापि सवय पुष्कळ वर्षे टिकली.

तबकडी-समूह व पट्टीवाटप : अनेक लहान तबकड्या एकत्र जोडून त्यांवर माहितीच्या पट्ट्या क्रमाने वाटण्याच्या पद्धतीचे विवेचन केनेथ सेलम व हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९८६ मध्ये केले. १९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी स्वस्त तबकड्यांच्या अशा समूहास रेड हे नाव दिले. वेगाबरोबर धोकाही वाढतो, हे त्यांनी गणिताने दाखविले. एका तबकडीचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरल्यास १०० तबकड्यांच्या समूहात सरासरी ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी तबकडी बिघडणार. प्रत्येक फाइल सर्व तबकड्यांवर पसरली असल्यास त्या एका बिघाडाने संपूर्ण खंड नष्ट होतो. यास उपाय म्हणून जादा तबकडीवर प्रत किंवा पडताळा-माहिती ठेवण्याच्या पाच पातळ्या त्यांनी सुचविल्या. त्याचीही किंमत असते. पाचव्या पातळीवर एका लहान लेखनासाठी जुनी माहिती व जुना पडताळा वाचणे आणि दोन्ही नव्याने लिहिणे अशा चार क्रिया कराव्या लागतात.

पट्टी केवढी असावी, हा विभाजनाचा कळीचा प्रश्न ठरला. पट्टी लहान असल्यास एका मोठ्या मागणीत सर्व भुजा गुंततात; ती मागणी त्वरेने पुरी होते, पण इतरांना थांबावे लागते. पट्टी मोठी असल्यास एक मागणी एकाच भुजेवर जाते व अनेक मागण्या एकाच वेळी पुरविता येतात. पीटर चेन व पॅटरसन यांनी १९९० मध्ये असे दाखविले की, योग्य आकार मुख्यतः एकाच वेळी येणाऱ्या मागण्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. एकट्याने मोठी फाइल वाचणाऱ्यास लहान पट्टी, तर शेकडो ग्राहकांच्या लहान नोंदी पाहणाऱ्या पेढीस मोठी पट्टी हितावह ठरते.

तबकडी व खंड यांची फारकत १९९० च्या दशकात पूर्ण झाली. १९९० मधील एआयएक्स प्रणालीच्या खंड-व्यवस्थापकात तबकडी समान तुकड्यांत विभागून त्या तुकड्यांतून हवा तसा खंड रचता येई. खंड कडेला ठेवावा की मध्यभागी, हेही सांगता येई. १९९८ मध्ये हाइन्झ माउएल्सहागेन यांनी लिनक्ससाठी असाच व्यवस्थापक तयार केला.

एका जुन्या नियमाची कथा : आभासी खंड मोठे करावेत की लहान, हा वाद सर्वांत तीव्रतेने महासंगणक केंद्रांत गाजला. आय्. बी. एम्.च्या परिचालन प्रणालीत एका खंडास एका वेळी एकच मागणी पाठविता येई. एका भुजेस एका वेळी एकच काम करता येत असल्याने हा नियम मूळचा रास्तच होता. १९८९ मध्ये आलेल्या ३३९० या साधनाच्या तिसऱ्या प्रकाराचा खंड २·८४ गिगॅबाइटांचा, तर नवव्याचा ८·५१ गिगॅबाइटांचा होता. १९९० च्या दशकात खऱ्या ३३९० तबकड्यांची जागा मोठ्या स्मृतीच्या तबकडी-समूहांनी घेतली. त्यांत ३३९० हा केवळ एक आभासी आकार उरला. त्यामागे अनेक भुजा व विस्तृत कॅशे-स्मृती होती. परिचालन प्रणाली मात्र एका खंडास एकच मागणी पाठवीत राहिली. समूह रिकामा असताही मागण्या संगणकातच रांगेत तिष्ठत.

एका मागणीस ८ मिलिसेकंद लागतात असे मानल्यास एका खंडातून सेकंदास फार तर १२५ मागण्या पुऱ्या होतात. तीच माहिती तीन लहान खंडांत वाटल्यास ही मर्यादा ३७५ होते. त्यामुळे केंद्रांनी हजारो लहान खंड बाळगले. पण त्यांच्या पत्त्यांची संख्या मर्यादित होती व देखरेखीचा व्याप वाढत गेला. १९९९ मध्ये एका खंडास अनेक उपनामे देऊन समांतर मागण्या पाठविण्याची सोय झाली. २००६ मध्ये ही उपनामे प्रत्येक मागणीपुरती वापरून लगेच मोकळी करता येऊ लागली. त्यानंतरच मोठे खंड निर्धास्तपणे वापरणे शक्य झाले व २००८ मध्ये २२३ गिगॅबाइटांपर्यंतच्या खंडांची तरतूद झाली. ज्या भुजेसाठी हा नियम होता ती नाहीशी झाल्यावरही तो बराच काळ टिकला आणि त्यापायी लहान खंडांचा भार वाहावा लागला.

आभासी यंत्रांचे पुनरागमन : १९९९ नंतर व्हीएमवेअर कंपनीच्या उत्पादनांमुळे सर्वसामान्य संगणकांवर आभासी यंत्रे आली. त्यांची तबकडी ही समूहावरील एक मोठी फाइल असते. २०१३ पर्यंत तिची मर्यादा सु. २ टेराबाइट होती; त्या वर्षी ती ६२ टेराबाइट झाली. विदागारासाठी माहिती व नोंदवही वेगळ्या तबकड्यांवर ठेवण्याची जुनी रीत येथेही चालू राहिली. दोन्ही आभासी तबकड्या एकाच समूहावर असल्यास भुजांच्या दृष्टीने या विभाजनास अर्थ नसतो. दुसरा एक लाभ मात्र खरा असतो. तो म्हणजे प्रत्येक आभासी तबकडीस मागण्यांची स्वतंत्र रांग मिळते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रानुसार ३२ मागण्यांची रांग व ८ मिलिसेकंदांचा प्रतिसाद असल्यास सेकंदास ४,००० हून अधिक मागण्या पुऱ्या होऊ शकत नाहीत. रांगच अडथळा असेल, तर चार तबकड्या व चार जोडयंत्रणा यांनी वेग वाढतो. मूळ समूहच भारावलेला असेल, तर मुळीच वाढत नाही.

विभागाचा आरंभबिंदू हेही एक दुर्लक्षित कारण ठरले. जुन्या रीतीने पहिला विभाग ६३ सेक्टर सोडून, म्हणजे ३२,२५६ बाइटांनंतर, सुरू होई. या अंकास ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे संगणकाचे एक एकक समूहाच्या दोन एककांवर पडून एका क्रियेच्या दोन होत. २००७ च्या सुमारास विभाग १ मेगॅबाइटाच्या सीमेवर सुरू करण्याची प्रथा पडली व हा दोष दूर झाला.

भाडेतत्त्वावरील दूरस्थ संचयात आकार व वेग यांचे नाते किमतीने ठरू लागले. ॲमेझॉन कंपनीने २०१४ मध्ये आणलेल्या एका प्रकारात दर गिगॅबाइटास सेकंदाला ३ मागण्या असे प्रमाण होते; अधिक वेगासाठी गरजेपेक्षा मोठा खंड घ्यावा लागे किंवा अनेक खंडांवर पट्टीवाटप करावे लागे. २०२० मधील प्रकारात ३,००० मागण्यांचा पायाभूत वेग आकाराशी न जोडता देण्यात आला. फ्लॅश स्मृतीत तर भुजाच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई मानकाने एका साधनास ६५,००० हून अधिक रांगांची तरतूद केली. फ्लॅशवर माहिती कोणत्या भागात ठेवावी, हा विचार त्यामुळे जवळजवळ कालबाह्य झाला.

निवडीची तत्त्वे : या इतिहासातून काही तत्त्वे निष्पन्न होतात. विभाजनाने वेग तेव्हाच वाढतो, जेव्हा त्यामुळे स्वतंत्र तबकडी, स्वतंत्र मार्ग किंवा स्वतंत्र रांग यांपैकी काही तरी नव्याने मिळते. म्हणून खंड पाडण्यापूर्वी मागण्या नेमक्या कोठे थांबतात, याचे मापन करणे आवश्यक असते. पट्टीवाटप केलेल्या खंडांपैकी एक गेला, तर सर्व जातात. विभागलेल्या खंडांच्या प्रती एकाच क्षणी घेतल्या नाहीत, तर त्या परस्परांशी जुळत नाहीत. अतिमोठ्या खंडाचा धोका निराळा आहे. १० टेराबाइटांचा एक खंड सेकंदास २०० मेगॅबाइट गतीने परत भरण्यास सु. १४ तास लागतात आणि तेवढा वेळ त्यावर अवलंबून असलेले रुग्णालय किंवा पेढी माहितीविना राहते. त्याच माहितीचे पाच खंड असल्यास सर्वांत निकडीचा खंड आधी भरून तीन तासांच्या आत काम सुरू करता येते.

भुजेचा अडथळा दूर झाल्याने वेगासाठी विभाजन करण्याची गरज पुष्कळ अंशी कमी झाली आहे. बिघाडाची व्याप्ती मर्यादित ठेवणे आणि माहिती लवकर परत उभी करणे, ही विभाजनाची कारणे मात्र युनिक्सच्या पहिल्या विभागांपासून आजवर टिकून आहेत.